गांधीजींना घेऊन गेलेल्या ‘राजपुताना’ जहाजाचं पुढे काय झालं?

२९ ऑगस्ट १९३१ रोजी गांधीजी गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून ‘राजपुताना’ने निघाले. (डॉ. आंबेडकर दोन आठवडे आधीच ‘मुलतान’ने रवाना झाले होते.) १९२५ साली पाण्यात उतरलेलं, पी अँड ओ कंपनीचं हे साडेसोळा हजार टनी आलिशान जहाज. गांधीजींनी मात्र दुसऱ्या वर्गाने प्रवास केला. सहकाऱ्यांचं जादा सामानही एडनहून परत पाठवलं!

१९३९ मध्ये महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिश नौदलाने जहाज ताब्यात घेऊन त्यावर तोफा बसवल्या. काम होतं मालवाहू ताफ्यांच्या संरक्षणाचं. पण तोफा बसवल्या तरी सांगाडा प्रवासी जहाजाचाच, युद्धनौकेचं चिलखत त्याला नव्हतंच. १३ एप्रिल १९४१ रोजी आइसलँडजवळ ‘यू-१०८’ या जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने ‘राजपुताना’ बुडाली. चाळीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले.