सुया दहा, टाके हजार आणि दारात दोन कुत्री

संध्याकाळी कार्यालयातून घरी आलो की आम्ही आधी सुया मोजतो. दहा भरल्या की मग चहा. नऊच भरल्या तर चहा बाजूला राहतो आणि घरातली सगळी माणसे जुन्या रेडिओतला चुंबक घेऊन जमिनीवर रांगू लागतात. असे का, ते पुढे येईलच. आधी हा नाद आम्हाला लागला कसा, ते सांगतो.

आम्ही नगर शहरात राहतो. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण घरात अजून तोंडात नगरच येते. मूळ गाव पारनेर तालुक्यातले. शिक्षण बी.कॉम., नोकरी कारकुनाची आणि सुटीच्या दिवशी वस्तीतली कामे. कुणाचा जातीचा दाखला, कुणाची शिष्यवृत्ती, कुणाची पेन्शन. चार वर्षांपूर्वी रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या मी देतो, पण डोके शांत ठेवणारे एखादे काम तुमचे तुम्ही शोधा." आम्ही पत्ते खेळत नाही, टी.व्ही.वरच्या चर्चा बघून रक्तदाब उलट वाढतो. त्याच सुमारास आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. तिला लांबचे दिसू लागले, पण सुईचे नाक काही दिसेना. ती हाक मारायची, "आरं, एवढा दोरा ओवून दे." दोरा ओवता ओवता एके दिवशी आम्ही चार टाके घालून पाहिले. आईने ते उसवले. दुसऱ्या दिवशी आठ घातले, तेही उसवले. आठवड्याने तिने उसवणे थांबवले. तेव्हापासून आम्ही गोधडी शिवतो.

शेजारी हसले. बाप्या माणूस गोधडी शिवतो म्हणाले. आम्ही त्यांना विचारले, बाजारात शिंपी कोण आहेत? बहुतेक पुरुषच. मजुरी मिळाली की शिवण पुरुषाचे काम होते आणि मजुरी नसली की बाईचे, हा कुठला न्याय? त्यावर कुणी बोलले नाही. मात्र पुढच्या रविवारी त्यातलेच एकजण फाटकी उशी घेऊन आले.

गोधडी कशी बसते

कुणी तिला वाकळ म्हणतात, कुणी चौघडी. तान्ह्या बाळाची असेल तर दुपटे. हिशेब अगदी सोपा आहे. नऊवार लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक दोन मीटरचा होतो. चार तुकडे एकावर एक घातले की एका माणसाची चौघडी तयार. मध्ये फाटके धोतर, जुने पंचे, चादरीचे बरे राहिलेले भाग घालायचे. चांगला राहिलेला भाग वरखाली, विरलेला आत.

जमीन झाडून खालचे कापड अंथरायचे. चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचे. आमच्याकडे तीन विटा आणि एक वरवंटा असतो. थर घालताना प्रत्येक थराची सुरकुती तळहाताने काढायची. आत राहिलेली सुरकुती पुढे दहा वर्षे पाठीला टोचते. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर धरून ठेवायचे आणि कडेपासून धावदोरा सुरू करायचा. एक फेरा पूर्ण झाला की त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, मग तिसरा. अशी चौकटीत चौकट घालत मध्यावर यायचे. कडेकडून आत येत गेले म्हणजे कापड सरकत नाही. टाका लहान हवा आणि ओढ सारखी हवी. आमचा दोरा रागात ओढला गेला की तिथे चुणी पडते, आणि आई लगेच विचारते, "आज साहेब बोलला वाटतं?"

कापड शक्यतो सुती घ्यावे. नायलॉनच्या साड्या सरकतात, घाम शोषत नाहीत आणि विस्तवाजवळ धोक्याच्या असतात. घालायच्याच असतील तर आतल्या थरात घालाव्यात. एक मोठी गोधडी आम्हाला रोज तासभर बसून जवळजवळ दोन महिने लागते. बी.कॉम. झालेल्या माणसाने त्या तासांची मजुरी धरू नये, नाहीतर अंगावर घेताना छाती दडपते!

आईची अट

छंद वाढला तसा कापडाचा तुटवडा पडू लागला. आम्ही कार्यालयात सहज बोललो. चारच दिवसांत सहकाऱ्यांनी दोन पिशव्या भरून जुन्या साड्या आणून दिल्या. स्वच्छ धुतलेल्या, प्रेमाने दिलेल्या. आम्ही खुशीत घरी आणल्या. आईने पिशवीला हातही लावला नाही.

"दुसऱ्याचं जुनं आपल्या गोधडीत जायाचं नाही," एवढेच म्हणाली.

आम्ही वाद घातला. कापड चांगले आहे, देणाऱ्यांचे मन चांगले आहे, काळ बदलला आहे. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली. तिच्या आजीच्या घरात जी वाकळ होती तिच्यातली पांढरी फडकी मढ्यावरची होती. गावात कुणी मेले की प्रेतावरचे कापड हा महारांचा हक्क मानला जाई. हक्क हे त्याचे नाव! गावकीची कामे करायची, मेलेली ढोरे ओढायची आणि त्या बदल्यात शिळी भाकर आणि मढ्यावरचे कापड. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. त्यानंतर त्या आजीने घरातली ती वाकळ उकिरड्यावर नेऊन जाळली. आई तेव्हा आठ वर्षांची होती. त्या हिवाळ्यात घरात पांघरूण कमी पडले, पोरे एकमेकांना बिलगून झोपली. पण पुन्हा तसले कापड उंबऱ्याच्या आत आले नाही.

आम्ही थोडे पुस्तकी आहोत. आम्ही आईला सांगितले की भगवान बुद्धांचे भिक्खूसुद्धा टाकलेल्या चिंध्यांचे चीवर वापरत, स्मशानातली फडकी धुऊन शिवत. मगधातल्या शेतांचे बांध पाहून बुद्धांनी आनंदांना तसे तुकडे जोडून चीवर करायला सांगितले होते. चुल्लवग्गात आणखी एक गोष्ट आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दिली. राजाने विचारले, एवढ्यांचे करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना वाटू. मग विरलेल्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे काय? गादीच्या खोळी. मग जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग झाडणी, आणि शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन सारवायची. काहीही वाया जाणार नाही.

आईने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, "ते राजवाडा सोडून आले व्हते. त्यांनी आपणहून उचललं. आपल्या अंगावर टाकलं व्हतं. दोन्ही एक नाही."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. त्या दिवसापासून घरात नियम झाला. आमच्या गोधडीत आमच्याच घरातले कापड. दुसऱ्या कुणाला हवी असेल तर त्याने आपले कापड आणावे, शेजारी बसावे आणि शिवावी. आता रविवारी वस्तीतल्या सहा-सात बाया आणि दोन पुरुष असे जमतात. दोन पिशव्या साड्यांचे काय झाले, ते कुत्र्यांच्या हकिगतीत येते.

अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे गाव आहे. तिथले लोक गुलामांचे वंशज. त्या बाया शेतात वापरून विरलेल्या पँटी आणि शर्टांच्या गोधड्या शिवत. १९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग तिथे जाऊन बोलले. त्यानंतर मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलेल्या अनेकांची कामे आणि घरे गेली. १९६६ साली त्या भागातल्या बायांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली आणि गोधड्या विकून संसार उभे केले. पुढे २००२ साली त्यांच्या गोधड्या मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या, २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. हे आईला वाचून दाखवले तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "कापड त्यांचं सोताचंच व्हतं ना?" आम्ही हो म्हणालो. तिने मान हलवली.

मोत्या आणि चंपी

कुत्र्यांबद्दलही आईचे मन कडूच होते. गावात पाटलाचे कुत्रे ओट्यावर बसे आणि आपला माणूस खाली उन्हात उभा राही, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत आणि आपली माणसे पिऊ शकत नव्हती, म्हणून तर २० मार्च १९२७ चा सत्याग्रह झाला. "ज्या जनावराला आपल्यापेक्षा मान व्हता त्याला मी घरात घेऊ?" असे ती म्हणायची. यात कुत्र्याचा काय दोष, हे तिलाही कळत होते. पण कळणे निराळे, वळणे निराळे.

आम्ही तिला एक छायाचित्र दाखवले. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेले. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि सोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. आईने चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले. "रमाईनं ठिवून घेतलंय म्हंजे..." एवढे म्हणून गप्प बसली. त्यानंतर मोत्याला अंगणात जागा मिळाली. मोत्या एस.टी. स्टँडजवळ सापडलेला गावठी कुत्रा, मागच्या पायाने अधू.

चंपी आली अकोले तालुक्यातून. तिथे आमची थोरली बहीण दिली आहे. तिच्या वस्तीवरची कुत्री व्याली आणि महिन्या-दीड महिन्यात एका रात्री बिबट्याने ती नेली. अकोल्याच्या खोऱ्यात उसाच्या रानात बिबटे राहतात. संशोधकांनी तिथल्या बिबट्यांची विष्ठा तपासली तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला. बहिणीने पिल्लू पिशवीत घालून आणून दिले.

पावसाचे दिवस होते, पिल्लू थंडीने लटपटत होते. आम्ही गोधडी अंथरून बसलो होतो. तिसऱ्या विटेनंतर वरवंटा शोधायला आत गेलो. बाहेर येऊन पाहतो तो चौथ्या कोपऱ्यावर चंपी मुटकुळे करून झोपलेली. उठवायला वाकलो तर आई म्हणाली, "राहू दे. वजन झालं ना?"

त्या दोन पिशव्यांचा निकाल आईनेच लावला. "त्याची कुत्र्यांना बसकरं कर. त्यांना कुठं जात हाय?" कार्यालयातल्या साड्यांची सात बसकरे झाली. सहकाऱ्यांना हे सांगावे की नाही, या विचारात आम्ही आठवडा घालवला. शेवटी आईची सगळी हकिगत सांगितली. एक बाई नंतर वेगळ्या भेटल्या. म्हणाल्या, "मला हे माहीतच नव्हते." पुढच्या रविवारी त्या स्वतःचे कापड घेऊन आमच्याकडे बसायला आल्या. अजूनही येतात.

हरवलेली सुई

आता सुयांचे. गेल्या वर्षी एका संध्याकाळी दहावी सुई सापडेना. तिच्यात हातभर दोरा होता. शेवटची चंपीच्या जवळ पाहिलेली. तिचे तोंड उघडून पाहिले, काही दिसले नाही. रात्री साडेनऊला तिला रिक्षात घालून पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी सांगितले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सुईइतकाच दोरा वाईट. दोऱ्याचे एक टोक आत अडकले की, लेंग्याची नाडी ओढल्यावर नेफ्याला चुण्या पडतात तशी आतड्यांची गोळी होते आणि दोरा ते चिरतो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसेच दवाखान्यात आणायचे. क्ष-किरण काढले. पोटात काही नव्हते. घरी आलो तो आई उंबऱ्यात बसलेली, डोळ्याला पदर. सुई तिच्याच पदराला टोचलेली होती!

तेव्हापासून सुया दहाच. सकाळी कार्यालयात जाण्याआधी आम्ही दहा सुयांत दोरे ओवून उशीला ओळीने टोचून ठेवतो. दिवसभरात आई एकेक वापरते.

कुत्रे पाळणाऱ्यांनी आणखी एवढे करावे. बसकरे दर आठवड्याला गरम पाण्याने धुवावीत, उन्हात वाळवावीत. पिसवांची अंडी अंगावरून गळून अंथरुणातच पडतात, नुसते कुत्रे धुऊन भागत नाही. रेबीजची लस दरवर्षी टोचावी, नसबंदी करून घ्यावी. कुणालाही कुत्रे चावले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची काही लावू नये. रेबीज एकदा झाला की औषध नाही.

मोत्या आता म्हातारा झाला. त्याचे बसकर आईच्या खाटेशेजारी आले आहे. ते तिथे कुणी आणले, हे घरात कुणी विचारत नाही. आमचा रक्तदाब पुष्कळ ताळ्यावर आहे. आईने अलीकडे एक नवी गोधडी धरली आहे, तिच्या स्वतःच्या साड्यांची. कुणासाठी म्हणून विचारले तर सांगत नाही. काल सात फेरे झाले होते.

आज सुया मोजल्या. दहा भरल्या. आता चहा घेतो.