लोरेन्झो स्नो आणि सहकारी गाव

सहकार म्हटला की आपल्याला साखर कारखाना आठवतो. पण अमेरिकेच्या युटा मुलखात मॉर्मन पंथाच्या एका पुढाऱ्याने तो सबंध गावाला लावून पाहिला होता. लोरेन्झो स्नो यांचा जन्म १८१४ सालचा, ओहायोतला. पंथाची दीक्षा १८३६ सालची. १८५१ साली युरोपात असताना त्यांनीच ह्यू फिंडले नावाचा प्रचारक मुंबईस धाडला. तो पुण्यापर्यंत येऊन पोहोचला होता.

ब्रिगॅम सिटी गावी १८६४ साली स्नो यांनी भागभांडवलावर दुकान काढले. त्यातून कातडी कमावण्याचा कारखाना निघाला, मग लोकरीची गिरणी; अशी सुमारे ४० खाती झाली. मजुरीचा मोठा हिस्सा चिठ्ठ्यांत मिळे व चिठ्ठीवर भांडारातून माल. चिठ्ठीचा पगार म्हटला की माझ्यासारख्याच्या कपाळाला आठी पडते. मजुराला मालकाच्या दुकानाशी बांधण्याची ती जुनी युक्ती. येथे पुष्कळ मजूर स्वतःच भागीदार होते, हा फरक मोठा. तरी धर्मगुरू आणि कारभारी एकच. मग त्याच्याविरुद्धची तक्रार न्यायची कोणाकडे?

१८७७ च्या डिसेंबरात गिरणी जळाली. गावाने ती सहा महिन्यांत पुन्हा उभी केली. पण १८७८ साली सरकारने त्या चिठ्ठ्यांवर कर बसविला, तोही रोखीत. आणि रोख तर गावात नव्हतीच! खाती एकेक करून हातची गेली, १८९५ साली दुकानही बुडाले. स्नो पुढे १८९८ साली साऱ्या पंथाचे अध्यक्ष झाले. कराचा बहुतेक पैसा सरकारने मागाहून परत केला होता, पण तोवर खाती मोडली होती.