वॉचमनचं रजिस्टर आणि गाळ्याचं शटर

डोंबिवली पूर्वेला आमची सोसायटी आहे. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून चार गाळे आणि वर राहती घरं. घरांकडे येणारा प्रत्येक माणूस फाटकातून येतो, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव लिहितो आणि मगच जिना चढतो. गाळ्यात येणारं गिऱ्हाईक मात्र थेट रस्त्यावरून आत शिरतं. त्याला कुणी नाव विचारत नाही. आज ज्या विषयावर बोलायचं आहे तो कानाला परका वाटेल : संगणकातल्या ‘कंटेनर’ना वेगवान नेटवर्क कसं जोडायचं? पण त्याचं बरंचसं मर्म या फाटकात आणि त्या शटरमध्ये आहे.

आधी कंटेनर म्हणजे काय ते पाहू. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं आणि ट्रेलरवर लादलेले लोखंडी डबे आपल्या भागात रोजचे झाले. डब्यात काय आहे याच्याशी क्रेनला देणंघेणं नसतं. डबा ठरलेल्या मापाचा असला की झालं. सॉफ्टवेअरचा कंटेनर असाच असतो. प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फायली एका गठ्ठ्यात बांधायच्या आणि तो गठ्ठा कुठल्याही यंत्रावर चालवायचा. २०१३ साली आलेल्या ‘डॉकर’नं ही पद्धत घरोघरी नेली. असे शेकडो डबे सांभाळणारी ‘कुबरनेटीस’ ही प्रणाली गूगलनं २०१४ मध्ये खुली केली.

पूर्वी एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालवत. ते म्हणजे एका प्लॉटवर वेगवेगळे बंगले बांधण्यासारखं. प्रत्येकाचा पाया वेगळा, पाण्याची टाकी वेगळी. कंटेनर म्हणजे सोसायटीतला फ्लॅट. दार आपलं, पण पाया, टाकी आणि जिना सामायिक. हा सामायिक पाया म्हणजे लिनक्सचं कर्नेल. म्हणूनच कंटेनर काही सेकंदांत सुरू होतो आणि जागाही कमी खातो.

पण सामायिक जिन्यावर गर्दीही होते. नेटवर्कवरून आलेलं माहितीचं पाकीट कंटेनरपर्यंत कसं पोचतं, ते बघा. ते आधी यंत्राच्या नेटवर्क कार्डावर येतं. मग कर्नेल त्याची तपासणी करतं. सगळ्या इमारतीचा बाहेरचा पत्ता एकच असल्यामुळे रजिस्टर पाहून पाकिटावर फ्लॅटचा आतला पत्ता घालावा लागतो. मग ते आतल्या ‘ब्रिज’वर, म्हणजे जिन्याखालच्या टपालपेट्यांपाशी येतं आणि तिथून त्या फ्लॅटच्या खासगी तारेवर जातं. दोन वेगळ्या यंत्रांतल्या कंटेनरना एकमेकांशी बोलायचं असेल, तर बहुधा पाकीट आणखी एका पाकिटात घालतात. या दुहेरी पाकिटाची एक प्रचलित पद्धत प्रत्येक पाकिटामागे ५० बाइटचं ओझं वाढवते. शिवाय घालणं आणि फोडणं ही कामं वेगळीच.

यात वेळ तो कितीसा जाणार? हिशेब करू. सेकंदाला १० गिगाबिट वाहणाऱ्या तारेवर सगळ्यांत लहान पाकिटं आली, तर एका सेकंदात सुमारे १ कोटी ४८ लाख पाकिटं येऊ शकतात. म्हणजे एका पाकिटाला ६७ नॅनोसेकंद. प्रोसेसरला मुख्य मेमरीत एकदा डोकावायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. पाकिटं मोठी असली तर घाई कमी होते. पण वाटेत चार टेबलं असतील तर तिथंही रांग लागतेच.

मी नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये काम करत असताना एका क्ष-किरण तपासणी केंद्राचं काम आमच्याकडे होतं. त्यांचा सगळा कारभार आम्ही कंटेनरमध्ये हलवला आणि संध्याकाळच्या गर्दीत चित्रं डॉक्टरांच्या पडद्यावर उशिरा उमटू लागली. बाहेर रुग्ण ताटकळत. आम्ही पहिल्यांदा काय केलं असेल? दुप्पट वेगाचं कार्ड आणून बसवलं. फरक शून्य! मग नीट पाहिलं तेव्हा कळलं, की पाकिटं घालण्या-फोडण्याचं सगळं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडलं होतं आणि बाकीचे जवळजवळ रिकामे बसले होते. रस्ता रुंद केला, पण फाटकावर वॉचमन एकच!

अशा वेळी उपाय तीन प्रकारचे असतात. पहिला, वॉचमन वाढवायचे. म्हणजे काम अनेक कोअरवर वाटायचं आणि पाकिटं फोडण्याचं काम शक्यतो कार्डावरच सोपवायचं. दुसरा, वॉचमनच्या हातात नियमांची छोटी यादी देऊन निर्णय फाटकावरच उरकायचा. २०१४ पासून लिनक्समध्ये आलेलं ‘ईबीपीएफ’ तंत्र हे करू देतं. तिसरा, गाळ्यासारखं शटर काढून द्यायचं. ‘एसआर-आयओव्ही’ या पद्धतीत एकच कार्ड स्वतःचे अनेक हिस्से करतं आणि एक हिस्सा थेट कंटेनरच्या हवाली होतो. ‘डीपीडीके’ त्याही पुढे जातं. त्यात प्रोग्रॅम कर्नेलला वगळून कार्डावर स्वतःच सतत नजर ठेवतो. मात्र गिऱ्हाईक असो वा नसो, दुकानदार दिवसभर दारात उभा! तो कोअर दुसऱ्या कामाला मिळत नाही आणि वीज जळत राहते.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तो अनेक लहान प्रोसेसर एकमेकांशी जोडून. असं यंत्र किती धावेल हे त्या प्रोसेसरांमधल्या संवादावर ठरतं. म्हणून पुढच्या परम यंत्रांसाठी सी-डॅकनं ‘परमनेट’ हे स्वतःचं नेटवर्क घडवलं.

मी घाईत तिसरा उपाय निवडला. चित्रांच्या कंटेनरला शटर काढून दिलं. चित्रं भराभर येऊ लागली, सगळे खूश झाले. तीन दिवसांनी सहज तपासताना माझ्या पोटात गोळा आला. कुठल्या संगणकानं ती चित्रं पाहावीत आणि कुठल्या नाही, याचे सगळे नियम मी कर्नेलच्या फाटकावर लिहून ठेवले होते. आणि आता पाकिटं फाटकातून जातच नव्हती! त्या केंद्रातल्या हिशेबाच्या संगणकावरूनही कुणाच्याही छातीचा फोटो उघडता आला असता. नोंदी तपासल्या, कुणी उघडला नव्हता. पण तो दैवाचा भाग. माझ्या कामाला त्याचं श्रेय नाही.

मग रचना बदलली. अहवालांची छोटी पाकिटं पुन्हा फाटकातून नेली, कारण तिथं घाई नव्हती. शटर फक्त चित्रांना ठेवलं आणि त्याला त्याचं स्वतःचं कुलूप लावलं. त्या वाहतुकीसाठी स्विचवर वेगळी वाट केली, परवानगीचे नियम तिथंच घातले आणि चित्रं सांकेतिक रूपात पाठवायला सुरुवात केली. वेग थोडा उतरला, पण रुग्णांची रांग पुन्हा लागली नाही.

तेव्हापासून कुणी नेटवर्क जलद करून मागितलं, की मी आधी कागदावर पाकिटाची वाट काढतो. प्रत्येक थांब्यापुढे दोन गोष्टी लिहितो : इथं किती वेळ जातो आणि इथं कोण काय काम करतो. दुसरा रकाना भरल्याशिवाय एकही थांबा काढत नाही.

मध्यंतरी सोसायटीच्या सभेत एका गाळेवाल्यानं मागच्या भिंतीतून जिन्याकडे दार मागितलं. सामान आणायला सोयीचं होईल, म्हणाला. सोय होतीच. मी एवढंच विचारलं, “शेठ, रात्री त्या दाराला कुलूप कोण लावणार?”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)