गळ्यांतील ग्रंथि आणि मिठाची चिमूट

कंठमण्याच्या किंचित् खालीं, श्वासनलिकेला बिलगून एक लहानशी ग्रंथि असते. पंख पसरून बसलेल्या फुलपांखरासारखा तिचा आकार. वजन प्रौढ माणसांत सुमारें २० ग्रॅम, म्हणजे दोन तोळ्यांच्याही आंतच. शास्त्रीय परिभाषेंत तिला अवटु ग्रंथि म्हणतात. घरोघरीं ती ‘थायरॉइड’ याच नांवानें ओळखली जाते. लाळेच्या पिंडांतून रस तोंडांत येण्यास जशी नळी असते, तशी हिला नाहीं. त्यामुळें ही ग्रंथि शरीरांत आहे तरी कशासाठीं, हें कोडें शरीरशास्त्रज्ञांना शतकानुशतकें सुटलें नव्हतें. मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा जोर ती आवरते, असें कोणी म्हणत. स्त्रियांच्या गळ्याला गोलाई यावी हाही तिचा एक उपयोग, असें एका इंग्रज वैद्यानें सतराव्या शतकांत गंभीरपणें लिहून ठेवलें!

तिचें खरें काम कळलें तें ती काढून टाकल्यावर. आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांत पूर्वीं गलगंडाचे रोगी फार. गळ्यावरील गांठ कधीं कधीं इतकी वाढे कीं श्वास कोंडूं लागे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांनीं निर्जंतुक पद्धति आणि रक्तस्राव टाळणारी विलक्षण हातोटी यांच्या बळावर ही गांठ काढण्याची शस्त्रक्रिया सुरक्षित केली. जी शस्त्रक्रिया पूर्वीं अनेकांच्या जिवावर बेतत असे, तींतून रोगी बरे होऊन घरीं जाऊं लागले. कांहीं रोग्यांची तर संपूर्ण ग्रंथिच त्यांनीं काढली. परंतु १८७४ सालीं शस्त्रक्रिया केलेल्या एका लहान मुलीविषयीं पुढें कांहीं वर्षांनीं चमत्कारिक बातमी आली. मुलगी मंद झाली होती, तिची वाढ खुंटली होती आणि तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसूं लागला होता. कोखर यांनीं जुन्या रोग्यांना पुनः बोलावून तपासलें. ज्यांची ग्रंथि समूळ काढली होती, त्यांच्यापैकीं बहुतेकांची हीच दशा! अंग जड, त्वचा कोरडी, थंडी सोसवत नाहीं, विचार संथ. ज्यांच्या गळ्यांत ग्रंथीचा थोडा भाग राहिला होता, ते मात्र ठणठणीत होते. १८८३ सालीं कोखर यांनीं हें सारें जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेपुढें मांडलें आणि साध्या गलगंडासाठीं पुरी ग्रंथि काढावयाची नाहीं असें ठरविलें. १९०९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. हाताच्या कसबापेक्षां आपल्या हातून झालेली हानि उघड्या सभेंत सांगण्याचें धैर्य अधिक मोलाचें मानावें लागेल.

ग्रंथि गेल्यानें जें हरवतें तें बाहेरून परत देतां येईल काय? इंग्लंडांतील न्यूकॅसल येथील जॉर्ज मरे यांनीं १८९१ सालीं मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क काढून, ग्रंथि निकामी झालेल्या ४६ वर्षांच्या एका बाईला टोंचला. कांहीं आठवड्यांत सूज ओसरली, वाणी स्पष्ट झाली, बाई घरकामास लागली. पुढें अर्क पोटांत घेऊन चालतें असें आढळलें. ती बाई १९१९ पर्यंत, आणखी २८ वर्षें जगली. तेवढ्या काळांत तिच्यासाठीं ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि खर्चीं पडल्या. आज सकाळीं उपाशीपोटीं घेतली जाणारी इवलीशी पांढरी गोळी ही त्याच अर्काची वारस होय; फरक इतकाच कीं तींतील थायरॉक्सिन कारखान्यांत तयार होतें.

अशा ग्रंथि आपला रस नळीवाटे न सोडतां सरळ रक्तांत मिसळतात आणि तो दूरच्या अवयवांना कामास लावतो. या रसांना १९०५ सालीं लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनीं ‘हॉर्मोन’ हें नांव दिलें. चालना देणारा, असा मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ. मराठींत आतां संप्रेरक म्हणतात. अवटु ग्रंथीचें संप्रेरक शरीराच्या चुलीची आंच कमीजास्त करतें असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. हृदयाची गति, अंगाची ऊब, आंतड्यांची हालचाल, मुलांची वाढ, सर्वांवर त्याचा अंमल.

या संप्रेरकाच्या घडणींत आयोडीन लागतें, हा शोध १८९५ सालीं जर्मनींतील बाउमन यांनीं लावला. थायरॉक्सिनच्या एका रेणूंत आयोडीनचे चार अणु असतात. ते न मिळाल्यास काय होतें तें पाहण्यासारखें आहे. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पोष ग्रंथि असते. रक्तांतील थायरॉक्सिन घटलें कीं ती आपलें संप्रेरक सोडून अवटु ग्रंथीला तगादा लावते. पुरेसें झालें कीं तगादा थांबतो. पण आयोडीनच नसेल तर तगादा थांबेल कसा? बिचारी ग्रंथि मालाविना आपला कारखानाच वाढवीत सुटते, आणि गळा फुगतो. सुश्रुतसंहितेंत वर्णिलेल्या गलगंडाच्या अनेक कारणांपैकीं हें एक प्रमुख कारण.

प्रौढ माणसाला दिवसाकांठीं आयोडीन हवें १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब चार ग्रॅमच्या आंत. चहाचा चमचाही भरणार नाहीं! परंतु पावसानें आणि हिमनद्यांनीं धुपलेल्या डोंगराळ जमिनींत तेवढेंही उरत नाहीं. गळ्यावरील गांठ निदान डोळ्यांना दिसते. खरी हानि दिसत नाहीं. पहिल्या कांहीं महिन्यांत गर्भाचा मेंदू आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतो. आईला आयोडीन फारच तोकडें पडल्यास मूल मतिमंद, प्रसंगीं मुकेंबहिरें जन्मतें, आणि ती उणीव मागाहून कशानेंही भरून निघत नाहीं. म्हणूनच गर्भवतीला आयोडीन २५० मायक्रोग्रॅम लागतें.

तें पोंचवावें कसें? गरीब-श्रीमंत सर्वच रोज खातात आणि जवळजवळ सारख्याच प्रमाणांत खातात असा पदार्थ एकच, मीठ. स्वित्झर्लंडांत १९२२ पासून आयोडीनयुक्त मीठ विकलें जाऊं लागलें. भारतांत १९५६ सालीं डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं, तेव्हां पंजाबांत आणि आतां हिमाचल प्रदेशांत असलेल्या, कांगडा खोऱ्यांत प्रयोग आरंभिला. खोऱ्याचे तीन भाग करून दोहोंत आयोडीनयुक्त मीठ दिलें, तिसऱ्यांत साधें. सहा वर्षांनीं पहिल्या दोन भागांतील शाळकरी मुलांत गलगंड बराच उतरला होता; तिसऱ्यांत उतार नव्हता. १९६२ सालीं राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढील पाहण्यांत हा दोष केवळ हिमालयाचा नसून सपाटीवरही आहे असें आढळलें. २००६ पासून खाण्यासाठीं साधें मीठ विकण्यास देशभर बंदी आहे.

शहरांतील गृहिणींत आज जो ‘थायरॉइड’ सर्रास ऐकूं येतो, तो मात्र बहुधा वेगळा. त्यांत शरीराची संरक्षक शक्तिच स्वतःच्या ग्रंथीवर उलटते. १९१२ सालीं जपानच्या हाशिमोटो यांनीं तिचें वर्णन केलें. येथें अधिक मीठ खाल्ल्यानें गुण येत नाहीं, गोळीच लागते. गोळी घेणाऱ्या स्त्रीला दिवस राहिल्यास ती बंद करावयाची नसते. उलट मात्रा बहुधा वाढवावी लागते, आणि तें रक्त तपासून वैद्य ठरवितात. एखाद्या बालकांत ही ग्रंथि जन्मतःच नसते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत टांचेच्या रक्ताच्या थेंबावरून हें ओळखतां येतें, आणि पहिल्या दोन आठवड्यांतच गोळी सुरू झाली तर तें मूल इतर मुलांप्रमाणेंच शिकतें-खेळतें.