बाभुळगाव परिसरातील एकपेशीय आदिजीव : जीवनक्रम व परिसंस्थेतील स्थान

प्रस्तावना :
बाभुळगाव तालुक्यातून वाहणारी बेंबळा ही वर्धा नदीची उपनदी होय. तिच्यावरील प्रकल्पाचा जलाशय, नाल्यांतील डबकी, शेततळी आणि कपाशीची काळी जमीन ही आदिजीवांची नैसर्गिक वसतिस्थाने आहेत. यवतमाळ जिल्ह्याच्या जैवविविधतेची चर्चा बहुधा टिपेश्वरच्या वाघापाशी व सागवानापाशीच थांबते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या सृष्टीची दखल क्वचितच घेतली जाते. आदिजीव हा एकच संघ असल्याचे पूर्वी शिकविले जात असे. हे जीव एकाच पूर्वजापासून उत्क्रांत झालेले नाहीत, हे आता स्पष्ट झाल्याने ही संज्ञा केवळ सोयीपुरती उरली आहे.

रचना व जीवनक्रम :
अमिबा छद्मपादांनी, युग्लीना कशाभिकेने, तर पॅरामेशियम पक्ष्माभिकांच्या लयबद्ध हालचालीने संचार करतो. गोड्या पाण्यात परासरणामुळे पेशीत सतत पाणी शिरते. संकोचशील रिक्तिका ते बाहेर टाकते. ती थांबली तर पेशी फुगून फुटेल. पुनरुत्पादन मुख्यत्वे द्विविभाजनाने होते.

विदर्भाच्या उन्हाळ्यात डबकी कोरडी पडली, तरी तेथील जीवन संपत नाही. कोल्पोडासारखे जीव स्वतःभोवती कठीण आवरण निर्माण करून पुटीच्या अवस्थेत जातात. ज्वारीचा कडबा पाण्यात भिजत घातल्यास दोन-तीन दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली जी वर्दळ दिसते, ती बव्हंशी अशाच पुटींतून प्रकटलेली असते. पॅरामेशियम पुटी निर्माण करतो याचा खात्रीशीर पुरावा मात्र नाही. पाठ्यपुस्तकांचा हा लाडका जीव त्या बाबतीत दुबळाच म्हणावा लागेल.

परिसंस्थेतील कार्य :
जमिनीतील आदिजीव जिवाणूंचे भक्षण करतात. जिवाणूंतून मिळालेला गरजेपेक्षा अधिक नायट्रोजन ते अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतात आणि तो पिकाच्या मुळांना उपलब्ध होतो. जिवाणू स्वतःच्या पेशीत अडकवून ठेवलेले खत अशा रीतीने मोकळे होते. सांडपाण्यात व्हॉर्टिसेला जिवाणू गाळून पाणी नितळ करतो. गायीच्या पोटातील पहिल्या कप्प्यात एन्टोडिनियमसारखे पक्ष्माभिकाधारी जीव चाऱ्याच्या पचनात सहभागी असतात.

रोगकारक आदिजीव :
पुटीची हीच चिवट अवस्था माणसाला अपायकारक ठरते. आमांशास कारणीभूत होणाऱ्या एन्टअमिबा हिस्टोलिटिकाच्या पुटी पिण्याच्या पाण्यातील नेहमीच्या क्लोरीनने मरतीलच असे नाही. पाणी उकळल्यास त्या नष्ट होतात. केवळ ब्लीचिंग पावडरवर विसंबणे त्यामुळे धोक्याचे आहे.

पशुपालकाची हानी मात्र थायलेरिया ॲन्युलाटा अधिक करतो. हायलोमा गोचीड चावल्यावर तो प्रथम जनावराच्या पांढऱ्या व नंतर तांबड्या रक्तपेशींत शिरतो. तीव्र ताप येतो, लसिका ग्रंथी सुजतात व रक्तक्षय होतो. देशी जनावरे हा आजार बऱ्याच अंशी सोसतात. कर्जाने घेतलेली संकरित गाय मात्र वेळीच उपचार न झाल्यास दगावू शकते. ब्युपार्वाक्वोन हे औषध आरंभीच्या अवस्थेत गुणकारी ठरते. हायलोमाच्या काही जाती गोठ्याच्या भिंतींतील फटींत दडून राहतात. जनावराच्या अंगावरील गोचीड काढूनही त्या फटी तशाच राहिल्या, तर प्रादुर्भाव पुन्हा उद्भवतो.