पूर्वाश्रमीचे नाव

संन्यास घेणारी व्यक्ती परंपरेनुसार आधी आत्मश्राद्ध, म्हणजे स्वतःचेच श्राद्ध, करते आणि दीक्षेनंतर तिचे जन्मनाव व गोत्र मागे पडते. म्हणूनच संन्याशाला पूर्वाश्रमीचे, अर्थात दीक्षेपूर्वीच्या आयुष्यातले, नाव विचारणे शिष्टाचाराला धरून मानले जात नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, ही माहिती त्यांच्या चरित्रात हवीच; परंतु नांदेडच्या ज्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले आहे, तेथील व्याख्यानात कोणी त्यांना सतत ‘खेडगीकर’ म्हणू लागला, तर श्रोत्यांना ते खटकल्यावाचून राहणार नाही.

पारलिंगी, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगाहून ज्यांची लिंगओळख वेगळी आहे, अशा व्यक्तींच्या बाबतीत मात्र हाच समाज ‘खरे नाव काय?’ असे बिनदिक्कत विचारतो आणि त्या एका विशेषणानेच चालू नाव खोटे ठरवून टाकतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला आणि २०१९ च्या केंद्रीय कायद्याने लिंगबदलाचे नव्हे, तर ओळखीचे प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तीलाही जन्मदाखल्यातील व अन्य अधिकृत कागदपत्रांतील नाव बदलून घेण्याची मुभा दिली. संन्याशाचे जुने नाव कळल्याने त्याचे सहसा काही बिघडत नाही. पारलिंगी व्यक्तीचे जुने नाव चारचौघांत उच्चारले गेले, तर तिने न सांगितलेली गोष्ट उघड होते आणि भाड्याची खोली किंवा नोकरीही हातची जाऊ शकते. म्हणून येथे नुसत्या कुतूहलापोटी ते विचारणेही गैरच.

अर्थात नवे नाव तेवढेच योग्य, असाही नियम करता येत नाही. रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी या दोघीही माहेरच्या यमुना. त्यांची नावे लग्नानंतर सासरच्या रीतीने बदलली. आज जी स्त्री लग्नानंतरही आपले पूर्वीचेच नाव ठेवते, तिच्या नावापुढे पत्रिकेत पतीचे आडनाव परस्पर जोडणे हा तोच अनादर, केवळ उलट दिशेने केलेला.

व्यवहारात दोन्ही नावांचा मेळ घालावा लागतोच, कारण पदवी जुन्या नावावर असते आणि बँकेचे खाते नव्यावर. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाच्या सूचनेतही दोन्ही नावे छापली जातात. कार्यालयातील कर्मचाऱ्याने ती कागदावर पडताळून घ्यावीत. खिडकीवरून पुकारा करताना मात्र चालू नावच घ्यावे.