तुम्ही आत येण्याआधी तुमचा चेहरा कोण शोधतं?

समजा, मालवणच्या धुरीवाड्यात एका घरी सगळ्यांत मिळून एकच कॉम्प्युटर आहे, त्यावर लिनक्स. आजोबा, सून आणि कॉलेजात जाणारी नात, अशी तिघांची तीन खाती. नातीने हौसेने तिघांचे फोटो लावले. पण मशीन चालू केलं की पडद्यावर नावं तेवढी दिसतात. फोटोंच्या जागी तीन राखाडी आकृत्या. आत शिरून सेटिंग्ज पाहाव्यात, तर फोटो जागच्या जागी!

याचं कारण मोठं विलक्षण आहे. लॉगिनचा पडदा दिसतो तेव्हा तिघांपैकी कुणीच आत आलेलं नसतं. मग तो पडदा मांडतं कोण? त्यासाठी एक वेगळाच प्रोग्रॅम असतो: कुठे जीडीएम, कुठे एसडीडीएम, कुठे लाइटडीएम. तो स्वतःच्या स्वतंत्र खात्यातून चालतो. म्हणजे तुमचा चेहरा दाखवणारा तुमच्या खात्याला परकाच!

फोटो होम फोल्डरमध्ये ‘.फेस’ किंवा ‘.फेस.आयकॉन’ नावाच्या लपलेल्या फाइलीत ठेवायची जुनी रीत आहे. पण पडवीत बसलेल्या पाहुण्याला माजघरातली तसबीर कशी दिसणार? उबुंटूने तर एप्रिल २०२१मधल्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या खात्यांची होम फोल्डरं इतरांसाठी बंदच केली. होम फोल्डर एन्क्रिप्ट केलेलं असेल, तर पासवर्ड टाकेपर्यंत तिथला फोटो वाचताच येत नाही.

म्हणून फोटो बाहेर आणून ठेवायची सोय झाली. ‘अकाउंट्ससर्व्हिस’ ही सेवा फोटोची प्रत ‘/व्हार/लिब/अकाउंट्ससर्व्हिस/आयकॉन्स’मध्ये ठेवते आणि शेजारच्या ‘यूझर्स’ फोल्डरमधल्या फाइलीत तिचा पत्ता लिहिते. पहिली तपासणी इथेच करावी: प्रत आहे का, पत्ता बरोबर आहे का, फाइल इतरांना वाचता येते का. एक एमबीहून मोठं चित्र ही सेवा स्वीकारत नाही. एसडीडीएमचा आणखी एक नियम: खाती सातांहून जास्त झाली की, वेगळं सांगितलं नसेल तर, तो फोटो दाखवणंच थांबवतो.

फोटो होम फोल्डरमध्येच ठेवायचा असेल, तर युनिक्सच्या परवानग्यांमधली एक करामत कामी येते. फोल्डरवरच्या ‘आर’ परवानगीने आतली यादी दिसते, ‘एक्स’ने फक्त आत जाता येतं. नुसती ‘एक्स’ मिळालेला प्रोग्रॅम नाव ठाऊक असलेल्या फाइलीपर्यंत पोचतो, पण आत आणखी काय आहे याची यादी त्याला मिळत नाही. ‘सेटएफएसीएल’ या आज्ञेने ही वाट एकट्या एसडीडीएमलाच देता येते. मात्र ती फोटोची फाइल त्याला वाचता यायला हवी.

तेव्हा फोटो दिसत नाही म्हणून वैतागून होम फोल्डरला सरसकट ‘७७७’ परवानगी देऊ नका. त्याने फोटो कदाचित दिसेल, पण त्या मशीनवरच्या कुठल्याही खात्याला तुमच्या फाइली पुसून टाकायची मुभा मिळेल. राखाडी आकृती दिसते तेव्हा बहुतेकदा कुलूप आपलं काम चोख करत असतं. त्याला हात न लावता फोटो तेवढा बाहेर आणावा.